कवडसा आणि कळशी

मालवणच्या किनारपट्टीवरील जुनी घरे जांभ्या दगडाची आणि मंगळुरी कौलांची असतात. कोकणातील पावसाचा मारा सोसता यावा म्हणून त्यांची छपरे पुष्कळ खाली उतरलेली असतात; त्यामुळे माजघरात भर दुपारीही एक सौम्य अंधार भरून राहिलेला असतो. तो थोडा उजळावा म्हणून छपरात कोठेतरी एखादे काचेचे कौल बसवलेले असते. ऊन वर आले, की त्या काचेतून उजेडाचा एक तिरपा पट्टा घरात उतरतो. प्रथम तो भिंतीवर दिसतो. मग भिंतीवरून सरकत सरकत जमिनीवर येतो आणि वाटेत जी वस्तू सापडेल तिला काही क्षण उजळून पुढे निघून जातो.

माजघराच्या कोपऱ्यात पाण्याची पितळी कळशी रोजच ठेवलेली असते. घरातील माणसे दिवसातून दहा वेळा तिच्याजवळून जातात. परंतु तिच्याकडे मुद्दाम म्हणून कोणीही पाहत नाही. पाणी हवे असले, की हात आपोआप तिच्याकडे वळतो, एवढेच. मात्र तो कवडसा एकदा कळशीच्या गळ्यावर येऊन पडला, म्हणजे काही निराळेच घडते. तिचा काठ चंद्रकोरीसारखा चकाकू लागतो. पोटाचा गोलावा हळूहळू अंधारात विरून जातो. पाहणाऱ्याला क्षणभर कळशीचा विसर पडतो. त्याच्या डोळ्यांसमोर उरते ती केवळ एक तेजस्वी वक्र रेषा आणि तिच्यामागचा गडद काळोख.

वस्तूचे नाव व उपयोग बाजूला ठेवून तिचा आकार, तिच्या रेषा आणि तिच्यावरील उजेड-सावली एवढेच पाहणे, याला कलेच्या भाषेत अमूर्त दृष्टी असे म्हणतात. या दृष्टीने पाहिले असता मडक्याचे मडकेपण जणू गळून पडते आणि त्याचा निव्वळ गोलावा शिल्लक राहतो.

येथे एक शंका साहजिकच मनात येते. चित्रकार अमूर्त चित्र काढू शकतो, हे समजण्यासारखे आहे. कुंचला त्याच्या हातात असतो. समोर नसलेली रेषाही तो ओढू शकतो आणि समोर असलेली वस्तू गाळूही शकतो. परंतु कॅमेरा हे तर निर्जीव यंत्र! जे समोर असेल तेच ते टिपणार. मग छायाचित्र अमूर्त कसे होऊ शकेल?

या शंकेचे उत्तर कळण्यासाठी प्रथम कॅमेरा म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. आणि त्याचा पहिला धडा त्या कौलारू घरातच मिळतो. कौलांमधील बारीक फट कितीही वेडीवाकडी असली, तरी तिच्यातून जमिनीवर पडणारा कवडसा बहुधा वाटोळाच असतो. कारण तो आकार फटीचा नसून सूर्याचा असतो. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे झालेले दिसतात, ते याच कारणाने. त्याचप्रमाणे, दारे-खिडक्या घट्ट लावून खोलीत पुरता अंधार केला आणि खिडकीच्या फळीला एकच लहान भोक ठेवले, तर बाहेरच्या खळ्याचे, माडांचे आणि आभाळाचे उलटे चित्र समोरच्या पांढऱ्या भिंतीवर उमटते. कॅमेरा या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ 'खोली' असाच आहे. तेव्हा कॅमेरा म्हणजे एका बाजूला भोक असलेली एक लहानशी अंधारी खोलीच होय. भोकाच्या जागी भिंग आले आणि भिंतीच्या जागी फिल्म आली, एवढाच काय तो फरक.

भिंतीवरचे हे चित्र माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु ते धरून ठेवण्याची युक्ती त्याला साधत नव्हती. ती युक्ती १८३९ साली जगापुढे आली. फ्रान्समध्ये लुई दागेर आणि इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅलबट यांनी आपापल्या रीती त्या वर्षी जाहीर केल्या. दोघांच्याही रीतींचा आधार एकच होता, आणि तो म्हणजे चांदीच्या क्षारांवर होणारा प्रकाशाचा परिणाम. ही विद्या आपल्या देशातही लवकरच येऊन पोहोचली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तेथील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत.

फिल्मवर चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण सरसाच्या पातळ थरात बसवलेले असतात. कॅमेऱ्याची झडप क्षणार्ध उघडते आणि ज्या कणांवर उजेड पडतो त्यांच्यात बदल घडतो. परंतु तो बदल डोळ्यांना दिसत नाही. पुढे पूर्ण अंधारात ती फिल्म एका द्रावणात बुडवली, म्हणजे उजेड लागलेल्या कणांचे काळ्या रंगाच्या चांदीत रूपांतर होते. नंतर हायपो नावाच्या क्षाराच्या द्रावणाने उरलेले कण काढून टाकले जातात आणि फिल्म स्वच्छ पाण्याने धुतली जाते. या फिल्मवर उजेडाची जागा काळी आणि अंधाराची जागा पारदर्शक दिसते. हिलाच निगेटिव्ह म्हणतात. तिच्यातून प्रकाश सोडून कागदावर चित्र छापले, की काळे-पांढरे पुन्हा आपापल्या ठिकाणी येतात. म्हणजे पितळी कळशीचे ते काळेपांढरे चित्र कागदावर खरोखर चांदीनेच लिहिलेले असते.

आता मूळ शंकेकडे वळता येईल. कॅमेरा समोर नसलेले काही टिपू शकत नाही, हे खरे. परंतु समोर असलेल्या गोष्टींपैकी काय घ्यावे आणि काय सोडावे, हे कॅमेरा ठरवीत नाही. ते माणूस ठरवतो. छायाचित्रकाराची सारी कला या घेण्या-सोडण्यात आहे.

प्रथम तो चौकट निवडतो. सबंध कळशी चौकटीत घेतली, तर पाहणारा "ही कळशी" असे म्हणून मोकळा होतो. तिचा केवळ गळा आणि काठ घेतला, तर तो थबकतो आणि नीट पाहू लागतो. दुसरी गोष्ट अंतराची. अगदी जवळ गेल्यावर रवळीची वीण ही एखाद्या शहराच्या नकाशासारखी दिसते, आणि पाट्यावरील टाकीचे घाव पावसाच्या थेंबांनी उठलेल्या ओल्या वाळूसारखे भासतात. तिसरी गोष्ट उजेडाची. माणसाच्या डोळ्यांना अंधाऱ्या माजघरातील कवडसाही दिसतो आणि कोपऱ्यातील सामानही दिसते. फिल्मची शक्ती एवढी नसते. कवडशाच्या मानाने उजेड मोजला, तर कोपऱ्यातील सारे सामान काळोखात बुडून जाते. अजाण माणसाला हा फिल्मचा दोष वाटेल. जाणता छायाचित्रकार मात्र नको असलेले पुसून टाकण्यासाठी त्याचाच उपयोग करून घेतो.

चौथी गोष्ट रंगाच्या त्यागाची. रंग नाहीसा झाला, की वस्तूंचे परस्परांशी असलेले नाते बदलते. पिकलेले तांबडे रातांबे आणि त्याखालची हिरवी पाने एरवी किती वेगळी दिसतात! काळ्यापांढऱ्या चित्रात दोन्ही पुष्कळदा सारख्याच करड्या रंगाची होतात. तेथे रंगाची मदत संपते. फळ आणि पान यांना वेगळे करणारे केवळ आकार, पोत आणि सावली एवढेच उरते. म्हणूनच वस्तूच्या आकाराचा ज्यांना ध्यास लागला, त्यांनी काळ्यापांढऱ्या चित्रांवर विशेष प्रेम केले.

या मार्गाने जाणाऱ्यांनी विषयांसाठी दूरदेशी धाव घेतली नाही. अमेरिकेतील पॉल स्ट्रँड यांनी १९१६ साली स्वयंपाकघरातील साधे वाडगे अगदी जवळून टिपले. त्या चित्रात वाडगे ओळखू येण्यास थोडा वेळ लागतो. आधी दिसतात ती एकमेकांना छेदणारी अर्धवर्तुळे. आंद्रे कर्तेझ यांनी १९२८ साली पॅरिसमध्ये बशीच्या कडेला टेकलेल्या एका काट्याचे आणि त्याच्या सावलीचे चित्र घेतले. त्यात दुसरे काहीच नाही. एडवर्ड वेस्टन यांनी १९३० साली कॅलिफोर्नियात एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली आणि तिचे छायाचित्र घेतले. मिरचीच्या वळ्या व फुगीर बाजू त्यात अशा काही दिसतात, की पाहणाऱ्याला एखाद्या शिल्पाचा भास व्हावा. प्राग शहरातील योसेफ सुडेक यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. एका हाताने जड कॅमेरा सांभाळीत त्यांनी आपल्या लहानशा कार्यशाळेच्या खिडकीत ठेवलेला पाण्याचा पेला, अंडे, पाव अशा वस्तूंची चित्रे वर्षानुवर्षे घेतली.

घरातील साध्या वस्तूपुढे कॅमेरा घेऊन धीराने बसण्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातही आहे. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके हे चित्रपटनिर्माते होण्यापूर्वी छायाचित्रकार होते. १९१२ साली लंडनहून परतल्यावर त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा ठेवून महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची एकेक चौकट टिपली. ती फिल्म पडद्यावर सोडताच, बीतून अंकुर उसळून वर येत असल्याचे पाहणाऱ्यांना दिसले. या लहानशा चित्रफितीमुळे त्यांच्या उद्योगावर लोकांचा विश्वास बसला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट तयार झाला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची अवघड कामे शिकून घेतली होती.

परंतु काळ्यापांढऱ्या अमूर्त छायाचित्रणाचा विचार करताना कोकणच्या किनाऱ्याशी जोडलेले एक नाव विशेष आदराने घेतले पाहिजे. ते नाव नसरीन मोहमदी यांचे. त्यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला. त्या लहान असतानाच कुटुंब मुंबईत आले. वडिलांचे बहारीनमध्ये छायाचित्रणाच्या साहित्याचे दुकान होते. तेव्हा कॅमेरा ही त्यांना घरचीच वस्तू होती. लंडन व पॅरिस येथे त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन केले. अलिबागजवळील किहीम येथे त्यांच्या कुटुंबाचे घर होते. भरती ओसरल्यावर ओल्या वाळूवर मागे राहणाऱ्या रेषा त्यांनी तेथे पुनःपुन्हा पाहिल्या आणि कॅमेऱ्याने टिपल्या.

त्यांच्या छायाचित्रांचे विषय पाहावे तर अगदी साधे. मागावर ताणलेले धागे, रस्त्यावरील पांढरे पट्टे, फरसबंदीवर पडलेली सावली, पाण्याचा काठ! परंतु चित्र पाहताना हा माग, हा रस्ता असे म्हणावेसे वाटत नाही. एक तिरपी रेषा शांतपणे अंधार कापत गेल्याचा अनुभव येतो. त्यांचे राहणीमानही असेच होते. घरात मोजकेच सामान असे, जमीन लख्ख पुसलेली असे, आणि एका बैठ्या मेजावर त्या पेन्सिल, शाई व आखणीची उपकरणे घेऊन तासन्‌तास रेषा काढीत बसत. अनावश्यक ते सारे सोडून देणे, हा त्यांच्या चित्रांचा आणि जीवनाचा एकच नियम होता.

पुढे त्यांना मज्जासंस्थेचा आजार जडला. हातापायांच्या हालचालींवरील ताबा हळूहळू सुटत चालला. ज्यांची सारी कला अचूक रेषेवर उभी होती, त्यांच्यावर यापेक्षा मोठे संकट कोणते यावे? तरीही त्यांनी काम सोडले नाही. उतारवयाची वाट न पाहता आलेल्या त्या दुर्बलतेच्या काळातही त्यांच्या कागदावरील रेषा केसासारखी बारीक आणि सरळच राहिली. १९९० साली किहीम येथे, ज्या समुद्राच्या रेषा त्यांनी टिपल्या होत्या त्याच समुद्राच्या काठी, त्यांचे निधन झाले.

नवलाची गोष्ट अशी, की आपली छायाचित्रे त्यांनी हयातीत कधीही प्रदर्शनात मांडली नाहीत. ती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना वळण लावण्यासाठी घेतली होती. त्यांच्या पश्चात मात्र रसिकांना त्यांचे मोल कळून आले. २०१३ साली दिल्लीत, २०१५ साली माद्रिदमध्ये आणि २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या कलाकृतींची मोठी प्रदर्शने भरली. कोणी पाहो वा न पाहो, आपण नीट पाहिले पाहिजे, या निष्ठेने केलेले काम असे उशिरा का होईना, लोकांपर्यंत पोहोचते.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि बोट लावताच शंभर चित्रे निघतात. फिल्मचा काळ तसा नव्हता. पूर्वी अनेक मध्यमवर्गीय घरांत असणाऱ्या पेटीवजा कॅमेऱ्याच्या एका रोलवर बाराच चित्रे बसत. उटकमंड येथे १९६० साली स्थापन झालेला सरकारी कारखाना 'इंदू' या नावाची फिल्म तयार करीत असे; आता तो बंद पडला आहे. बाराच चित्रे घेता येत असल्यामुळे प्रत्येक चित्रापूर्वी माणूस विचार करी. कवडसा योग्य ठिकाणी येईपर्यंत थांबे. चित्र कसे आले हे लगेच दिसत नसे. फिल्म धुऊन होईपर्यंत मनात हुरहुर राही. चूक झाली, तर ती कायमची. हा धीर आणि ही जबाबदारी फिल्मने माणसाला शिकवली. म्हणूनच जगात काही छायाचित्रकार आजही आवर्जून फिल्म वापरतात.

या विद्येचे आणखी एक मोल आहे, आणि ते कोकणातील मुलांना अधिक जवळचे वाटेल. मालवणच्या घरांतून जुन्या वस्तू एकेक करून नाहीशा होत आहेत. पाटा-वरवंट्याचे काम विजेचे यंत्र करते. मालवणी बोलीत जिला 'आडाळो' म्हणतात ती विळी, करवंटीची डवली, शिरवाळ्यांचा लाकडी साचा, तांदूळ धुण्याची रवळी या वस्तू माळ्यावर जाऊन पडतात आणि पुढे केव्हा तरी भंगारात किंवा चुलीत जातात. वरवंट्याची मधली बाजू झिजलेली असते. ती झीज कोणी मुद्दाम घडवलेली नसते. आजीच्या, पणजीच्या हातांनी वर्षानुवर्षे वाटप वाटताना ती झालेली असते. तिरप्या उजेडात त्या झिजेवर पडलेली सावली पाहिली, की त्या हातांचे कष्ट न सांगता समजतात. वस्तू गेली की ती सावलीही जाते. तिच्याकडे कोणी कधी नीट पाहिलेच नसेल, तर ती वस्तू होती याची आठवणही राहत नाही.

नीट पाहण्यासाठी महागडा कॅमेराच हवा, असे मुळीच नाही. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्याला मध्यभागी चौकोनी खिडकी पाडावी आणि तिच्यातून एक डोळा मिटून घरातील वस्तूंकडे पाहावे. पुठ्ठा पुढे-मागे सरकवला, की चौकट लहान-मोठी होते आणि काय घ्यावे, काय सोडावे, हे आपोआप उमजू लागते. चिवल्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेले जाळे, ओटीवर उलटा ठेवलेला हंडा, पागोळ्यांनी खळ्यात पाडलेली खळग्यांची रांग यांपैकी कशाकडेही असे पाहता येईल.

माजघरातील तो कवडसा कळशीवर फार वेळ थांबत नाही. सूर्य पुढे जातो, काठाची चंद्रकोर मालवते, आणि कळशी पुन्हा नेहमीची कळशी होते. दुसऱ्या दिवशी कवडसा पुन्हा येतो. त्या घटकेला तेथे कोणीतरी डोळे उघडे ठेवून उभे असले पाहिजे, एवढीच काय ती अट आहे.

शब्दार्थ
कवडसा – फटीतून किंवा झरोक्यातून आत आलेल्या उन्हाचा ठिपका वा पट्टा. पोत – पृष्ठभागाचा खडबडीतपणा किंवा गुळगुळीतपणा. रवळी – बांबूच्या कामट्यांची विणलेली टोपली. खळे – घरापुढील सारवलेले अंगण. पागोळ्या – छपराच्या कडेवरून पडणाऱ्या पावसाच्या धारा. हयात – जिवंतपणाचा काळ. मालवणे – विझणे.

अभ्यास
१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) मालवणच्या जुन्या घरांच्या छपरात काचेचे कौल का बसवतात?
(आ) फट वेडीवाकडी असूनही कवडसा वाटोळा का पडतो?
(इ) निगेटिव्हवर उजेडाची जागा काळी का दिसते?
(ई) दादासाहेब फाळके यांनी कुंडीतील रोपाचे चित्रण कसे केले?

२. कॅमेरा समोर असलेलेच टिपतो, तरीही छायाचित्र अमूर्त होऊ शकते, हे पाठाच्या आधारे चार मुद्द्यांत स्पष्ट करा.

३. आपली छायाचित्रे प्रदर्शनात न मांडताही नसरीन मोहमदी ती का घेत राहिल्या असतील? तुमचे मत लिहा.

४. 'बाराच चित्रे घेता येत असल्यामुळे प्रत्येक चित्रापूर्वी माणूस विचार करी.' या विधानातून मिळणारी शिकवण तुमच्या अनुभवातील एखाद्या उदाहरणाने स्पष्ट करा.

५. (अ) पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : थबकणे, विरून जाणे, ध्यास लागणे, हुरहुर.
(आ) 'उजेड' व 'अंधार' या शब्दांना पाठात आलेले समानार्थी शब्द शोधून लिहा.

६. उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या घरातील एक जुनी, आता वापरात नसलेली वस्तू निवडा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तिच्यावर पडणाऱ्या उजेड-सावलीचे निरीक्षण करा. वस्तूचे नाव न लिहिता तिचे दहा ओळींत वर्णन करा आणि ती वस्तू कोणती, हे वर्गातील मुलांना ओळखू द्या. ती वस्तू पूर्वी कोण वापरीत असे, हे वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा.